खाडीकाठची हिवाळी पक्षिनिरीक्षण सहल (ठाणे खाडी, नेरूळ, उरण): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती डिसेंबर ते मार्च या काळात ठाणे खाडीचा काठ, नेरूळची तळी आणि उरणच्या पाणथळ जागा पाहायला निघणाऱ्यांसाठी आहे. आमच्या गटासोबत येणाऱ्यांनी ती आधी वाचून यावे, ही अपेक्षा आहे. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनाही तिचा उपयोग व्हावा.

सहलीची वेळ दर खेपेला का बदलते? पक्षी तर पहाटेच पाहायचे असतात ना?

जंगलातल्या पक्षिनिरीक्षणात सूर्योदयाला जे महत्त्व असते, ते खाडीकाठी भरती-ओहोटीला असते. ओहोटी लागली की ठाणे खाडीतला चिखल दूरवर उघडा पडतो आणि त्यातले किडे, बारीक शिंपले, खेकडे टिपणारे हजारो पक्षी त्यावर पांगतात. ते इतके लांब जातात की काठावरून दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरतीचे पाणी चढू लागले की खाण्याची जागा आक्रसत जाते, पक्षी पाण्याच्या कडेकडेने काठाकडे सरकतात, दाटी होते आणि शेवटी चिखल बुडाला की ते थव्याथव्याने उठून मागच्या तळ्यांवर, मिठागरांवर आणि खारफुटीआडच्या उथळ पाण्यावर येऊन विसावतात. पाणी उतरले की पुन्हा खाडीत जातात. हे चक्र दिवसाउजेडी जसे चालते तसेच रात्रीही चालते.

म्हणून खाडीच्या काठावर उभे राहायचे ते भरती चढत असताना, आणि तळ्यांवर जायचे ते पूर्ण भरतीच्या आगेमागे दीड-दोन तास. पहाटे साडेपाचला निघून ऐन ओहोटीत तळ्यावर पोहोचलेल्या माणसाला चार शेकाटे पक्षी आणि दोन वंचक बगळे दिसतात आणि या जागेविषयी त्याचा कायमचा गैरसमज होतो. पहाटे उठण्याचे पुण्य येथे फारसे कामी येत नाही.

भरतीची वेळ कशी काढावी?

मुंबईचे भरती-ओहोटीचे तक्ते मोबाईलवर सहज मिळतात आणि त्यांच्यात वेळेसोबत पाण्याची उंचीही दिलेली असते. परंतु पंचांग किंवा साधी दिनदर्शिका हाताशी असेल, तर कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही पुरेसा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता भरती पूर्ण होते. ही वेळ दिवसाची आणि रात्रीची अशी दोन्ही धरावी, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. रोज भरती सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते ती यामुळेच. खाडीत जसजसे आत शिरावे तशी ती आणखी थोडी उशिरा पोहोचते, हेही ध्यानात ठेवावे.

वेळेइतकेच पाण्याच्या उंचीकडे लक्ष द्यावे. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी उंचीची भरती असते, तेव्हा भरती येऊनही वरच्या अंगाचा चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना तळ्यांकडे येण्याची गरजच पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात चिखल पूर्ण बुडतो. आमच्या मते त्रयोदशी आणि चतुर्दशी हे दिवस सर्वांत सोयीचे आहेत. भरती साडेनऊ ते साडेदहाच्या सुमारास भरते, त्यामुळे साडेसातपासून खाडीवर चढते पाणी पाहता येते आणि उन्हे चटके देऊ लागण्यापूर्वी तळ्यांवरचे थवे पाहून होतात. एक बारकावा असा की पावसाळ्यात मोठे उधाण दुपारी येते, तर हिवाळ्यात ते बहुधा रात्रीच्या भरतीला असते आणि दिवसाची भरती तुलनेने कमी भरते. म्हणून तिथीवर विसंबून न राहता तक्त्यातला उंचीचा आकडाही पाहावा. तो चार मीटरच्या जवळपास असेल, तर दिवस चांगला जाण्याची शक्यता मोठी आहे.

नेमके कोठे जायचे?

एका दिवसात सर्व ठिकाणे करण्याचा मोह टाळावा. भरती सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी येते, त्यामुळे सकाळी ऐरोली, मग नेरूळ आणि मग उरण अशी धावपळ केली तर प्रत्येक ठिकाणी चुकीच्या वेळी पोहोचणे होते. एक खाडीकाठ आणि त्याच्या मागचे एक-दोन तलाव, एवढे एका सहलीला पुरे.

ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तेथून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात होडीने जाता येते. हे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे आणि २०२२ पासून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. होडीच्या फेऱ्या भरतीनुसार ठरतात आणि हंगामात सुट्टीच्या दिवशी जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी आधी करावी.

नेरूळची तळी, म्हणजे टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था, एन. आर. आय. वसाहत आणि डी. पी. एस. शाळा यांच्या परिसरातले पाणथळ भाग, सीवूड्स-दारावे स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. नवख्या माणसाने सुरुवात येथून करावी, कारण पक्षी जवळून दिसतात आणि चालणे कमी पडते. उरणला पाणजे, बेलपाडा, भेंडखळ या बाजूला बदके आणि चिखलपक्षी (चिखलातले जीव टिपणारे पक्षी) यांची विविधता अधिक असते. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाऊ लागल्याने हा प्रवास पूर्वीइतका जिकिरीचा राहिलेला नाही. भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला जाणारी लाँचही आहे, परंतु मोठ्या ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळे लाँच अडते, हे परतीची वेळ ठरवताना विसरू नये. पाणजे येथे प्रवेशावरून वेळोवेळी वाद झालेले आहेत. अडवले तर हुज्जत न घालता बाहेरच्या रस्त्यावरून जे दिसेल ते पाहावे.

उजेडाचाही विचार करावा. नवी मुंबईच्या काठावरून खाडीकडे पाहताना सकाळी सूर्य पाठीशी असतो, तर शिवडी आणि भांडुपच्या काठावर तो सकाळी थेट डोळ्यांवर येतो आणि पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतात. पश्चिमेकडच्या या जागा दुपारी तीननंतरच्या भरतीसाठी राखून ठेवाव्यात.

तळी आणि खाडी एकत्र का पाहायची? फक्त तळ्यावर गेले तर चालणार नाही का?

चालेल, पण जे पाहतो आहोत त्याचा अर्थ लागणार नाही. तळ्यावर दिसणारा थवा बहुतेक वेळा तेथे खायला आलेला नसतो, तो पाणी उतरण्याची वाट पाहत थांबलेला असतो. एका पायावर उभे असलेले, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेले पक्षी पाहून पुष्कळांना वाटते की ते आजारी आहेत किंवा कंटाळले आहेत. वास्तविक ती त्यांची विश्रांतीची वेळ असते.

या दोन जागांचा संबंध तुटला की काय होते, हेही याच परिसरात दिसले आहे. खारजमिनीच्या बांधातली उघाडी (पाणी आत-बाहेर जाण्याचे दार) बुजली किंवा खाडीचे पाणी येण्याची वाट अडली की तळ्यातले पाणी हलत नाही, एक तर ते आटते किंवा त्यावर शेवाळाची साय धरते, आणि पक्षी तेथे उतरणे सोडतात. डी. पी. एस. तळ्याच्या बाबतीत २०२४ च्या सुमारास हा प्रश्न बराच गाजला. समोरची खाडी कितीही चांगली राखली, तरी मागची तळी भरून टाकल्यावर भरतीच्या चार-पाच तासांत हजारो पक्ष्यांनी बसायचे कोठे, याचे उत्तर राहत नाही. सहलीत आम्ही तळ्याला पाणी कोठून येते ते आवर्जून दाखवतो. पक्ष्यांसाठी आलेल्या काही जणांना यात रस वाटत नाही, तरीही दाखवतो.

कोणत्या महिन्यात यावे?

चिखलपक्षी ऑगस्टअखेरीपासून येऊ लागतात, बदके नोव्हेंबरमध्ये स्थिरावतात आणि रोहित (फ्लेमिंगो) साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत असतात. सर्व एकत्र पाहायचे तर जानेवारी आणि फेब्रुवारी. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून राज्यभर पाळला जातो आणि त्या आठवड्यात गर्दी होते, परंतु खाडीकाठाच्या दृष्टीने तो जरा लवकरच आहे. एप्रिलमध्ये उकाडा असतो, पण परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी चिखलपक्ष्यांना विणीचा विटकरी, तांबूस रंग चढलेला असतो. हिवाळाभर राखाडी पाहिलेले पक्षी त्या रंगात पाहायचे असतील, तर घाम सहन करून एक खेप एप्रिलमध्येही करावी.

रोहित (फ्लेमिंगो) नक्की दिसतील का?

हंगामात आणि भरतीची वेळ साधली तर बहुधा दिसतात. हमी कोणी देऊ नये. येथे दोन जाती येतात. मोठा रोहित साडेचार फुटांपर्यंत उंच, पांढुरका, आणि गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे असलेला असतो. लहान रोहित तीन फुटांच्या आतबाहेर, अधिक गडद गुलाबी आणि चोच जवळजवळ पूर्णच काळपट लाल असलेला असतो. ठाणे खाडीतले मोठे थवे मुख्यतः लहान रोहितांचे असतात. त्यांच्यात मळकट राखाडी रंगाचे दिसतात ते वेगळ्या जातीचे नसून वयात न आलेले रोहित आहेत. गुलाबी रंग खाद्यातून येतो, त्यामुळे तो चढायला काही वर्षे लागतात.

रोहित खाताना नीट पाहावेत. मान खाली घालून ते चोच उलटी धरतात, म्हणजे वरचा जबडा तळाशी येतो, आणि जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत चोचीच्या कडेच्या जाळीत सूक्ष्म शेवाळ अडकवतात. दुर्बिणीतून गळ्याची बारीक थरथर दिसते.

रोहित सोडले तर बाकीचे सगळे पक्षी सारखेच राखाडी दिसतात. ते ओळखायचे कसे?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि तो रास्त आहे. हिवाळ्यात चिखलपक्षी खरोखरच राखाडी आणि तपकिरी असतात, त्यामुळे रंगावरून ओळखायला गेलेला माणूस हमखास गोंधळतो. आम्ही सांगतो की पहिला अर्धा तास पुस्तक उघडूच नये. पक्षी कसा खातो ते पाहावे.

चिखल्या डोळ्यांनी शिकार शोधतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड असते. तो तुरुतुरु चार पावले धावतो, गपकन थांबतो, वाकून टिपतो, पुन्हा धावतो. छोटा टिलवा याच्या अगदी उलट, चोच खाली घालून शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे चिखल टोचत पुढे सरकत राहतो. जेमतेम २५ ग्रॅम वजनाचा हा पक्षी आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशातून आलेला असतो, हे त्याच्याकडे पाहून खरे वाटत नाही. पाणटिवळ्याची चोच लांब, सरळ आणि बुडाशी गुलाबी असते. तो पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून डोके बुडेपर्यंत ती खुपसतो. कोरलाची चोच खाली वळलेली आणि थक्क व्हावे इतकी लांब असते. त्याने बिळातून खेकडा ओढला तर थांबून पाहावे, कारण तो खेकड्याला झटके देऊन त्याच्या नांग्या-पाय झाडतो आणि मग उरलेला भाग गिळतो. उचाट्याची चोच वर वळलेली असते आणि ती तो पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. लाल, काटकुळ्या, बेढब लांब पायांचा काळा-पांढरा पक्षी म्हणजे शेकाट्या. लाल पायांचाच, पण बुटका आणि तपकिरी, उडताना पंखांच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा दाखवणारा आणि सर्वांच्या आधी ओरडून अख्ख्या तळ्याला सावध करणारा म्हणजे टिवळा. शेपटीचा भाग सतत वर-खाली हलवत दगडाधोंड्यांच्या कडेने एकटाच फिरणारी तुतारी असते.

चोचींच्या लांबीतला हा फरक उगीच नाही. एकाच चिखलात वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळे जीव राहतात, त्यामुळे पाच जाती शेजारी शेजारी खातात आणि तरी त्यांच्यात फारशी भांडणे होत नाहीत.

बदके त्या मानाने सोपी आहेत. थापट्याची चोच पुढे रुंद, चपटी असते, तलवार बदकाची शेपटी लांब अणकुचीदार असते, आणि हळदी-कुंकू बदकाला त्याच्या चोचीवरून ओळखता येते. सगळा तलाव एकदम उठला तर आकाशात पाहावे. दलदली भोवत्या खालून संथ फिरत असेल किंवा बहिरी ससाणा वरून आला असेल.

दुर्बीण कोणती घ्यावी? नसेल तर?

८×४२ ची घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×४२ चालते, पण हात थोडे जास्त हलतात. २०×५० अशा मोठ्या आकड्यांच्या स्वस्त दुर्बिणी हातात स्थिर राहत नाहीत आणि पैसे वाया जातात. उघड्या चिखलावर तिकाटण्यावरच्या स्पॉटिंग स्कोपने (छोट्या दुर्बिणनळीने) खरा फरक पडतो. गटात एक तरी असतो आणि तो सर्वांनी आळीपाळीने वापरायचा असतो. दुर्बीण नसेल तरी यावे.

छायाचित्रांसाठी थवा उडवला तर काय बिघडते?

भरतीच्या वेळी तळ्यावर बसलेला पक्षी शक्ती राखत असतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतो. दगड मारून, टाळ्या वाजवून किंवा धावत जाऊन थवा उठवला की त्या साठ्यातला काही भाग फुकट खर्च होतो, आणि दिवसभरात दहा गटांनी हेच केले तर त्याचा परिणाम होतोच. शिवाय भरतीत दुसरीकडे बसायला जागा असेलच असे नाही. आमच्या सहलीत थवा मुद्दाम उडवणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावले जात नाही. ड्रोनला आणि ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्षी बोलावण्याला मनाई आहे.

पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या, किंवा झोपलेल्यांनी चोची बाहेर काढल्या, की आपण प्रमाणाबाहेर जवळ आलो असे समजावे आणि तेथेच थांबावे. बसून राहिले तर बरेचदा पक्षी स्वतःहून जवळ येतात, कारण मागून पाणी चढत असते.

मांडव्याच्या लाँचवर लोक कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव आणि वेफर टाकतात. आपणही टाकावे का?

नाही. तळलेले, खारवलेले पदार्थ हे कुरवांचे अन्न नाही. त्यांना काही न टाकताही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हिवाळ्यात कानामागे गडद ठिपका असलेले दोन कुरव आढळतात. पंखाच्या काळ्या टोकात पांढरा डाग आणि फिकट डोळा असेल तर तो तपकिरी डोक्याचा, आणि पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरी असेल तर तो काळ्या डोक्याचा. याच लाँचने अलिबागला जाणाऱ्यांनी आक्षीचा किनाराही पाहावा, तेथे वाळूवर कुरव आणि सुरय यांचे मिश्र थवे बसतात.

चिखलात उतरता येते का?

उतरू नये. वरून घट्ट दिसणाऱ्या चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जातो, आत कालवांच्या धारदार कवचांनी कापते आणि भरतीचे पाणी ओहोळांमधून मागच्या बाजूने आधी येते. निवटे (चिखलात राहणारे मासे) आणि चिंबोऱ्या पकडायला उतरणारी आगरी-कोळी मंडळी तो चिखल पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. आपण काठावरून पाहावे. बांधावरून चालतानाही जाळी, खेकडे पकडायच्या पागोळ्या, होड्यांचे दोर यांना हात लावू नये आणि कोणाच्या शेततळ्याच्या कडेला विचारल्याशिवाय बसू नये. विचारले तर बहुतेक वेळा पक्षी काल कोठे बसले होते, हेही सांगितले जाते, आणि ती माहिती कोणत्याही ॲपपेक्षा ताजी असते.

काय घालावे, काय आणावे?

मातकट किंवा हिरवट पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, जुने बंद बूट. सकाळी गारवा असला तरी अकरानंतर ऊन लागते आणि सावली जवळजवळ नसते, म्हणून दोन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःचे आणावे. डबा कोरडा असावा. स्वच्छतागृह ऐरोलीच्या केंद्रात आणि रेल्वे स्थानकांवर आहे, तळ्यांच्या काठी नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

मुले आणि ज्येष्ठ नागरिक येऊ शकतात का?

नेरूळच्या सहलीला अवश्य. उरणच्या बांधांवरचे चालणे लहान मुलांना आणि गुडघेदुखी असणाऱ्यांना जड जाते.

पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद कोठे द्यावी? पायात कडे असलेला पक्षी दिसला तर?

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण, वेळ आणि संख्या यांसह यादी द्यावी, आणि यादीत भरतीची स्थितीही लिहावी. त्याशिवाय दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. संख्या मोजता येत नसेल तर शंभराचा एक गट डोळ्यांनी ठरवून तसे किती गट होतात ते पाहावे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात नवशिक्यांनीही भाग घ्यावा. ही गणना १९८७ पासून चालू आहे.

पायात धातूचे कडे किंवा रंगीत पट्टी दिसली तर पट्टीचा रंग, ती कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर की खाली आहे, तिच्यावरची अक्षरे, तारीख आणि जागा टिपून घ्यावी. छायाचित्र अस्पष्ट असले तरी ठेवावे. ही माहिती १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावी. मृत पक्ष्याच्या पायात कडे आढळले तर पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. कड्यावरचा क्रमांक लिहून घ्यावा आणि वन विभागालाही कळवावे.